दम : दैव आणि पुरुषकार

१

मराठीतला ‘दम’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. फारसीतून आलेल्या ‘दम’ शब्दाचा अर्थ श्वास. संस्कृतातून आलेल्या ‘दम’ शब्दाचा अर्थ इंद्रियनिग्रह. दोन वेगळ्या कुळांतले हे शब्द मराठीत एकाच उच्चारात येऊन मिळाले आणि पुढे त्यांचे अर्थही एकमेकांत असे मिसळले की, ते वेगळे काढणे आज अवघड व्हावे. घाट चढताना दम लागतो, धापा टाकणारा माणूस वाटेत क्षणभर दम खातो. येथे गोष्ट छातीची आणि फुप्फुसांची आहे. उतावळ्याला आपण ‘जरा दम धर’ म्हणतो, तेव्हा गोष्ट मनाची असते. आणि एखाद्याविषयी ‘त्याच्यात दम नाही’ असे म्हणताना आपण त्याच्या शरीराविषयी बोलत असतो की त्याच्या शीलाविषयी, हे आपले आपल्यालाही नेमके सांगता येत नाही.

भाषेतला हा संदेह वस्तुतः आपल्या नैतिक विचारातलाच संदेह आहे. दीर्घकाळ श्रम सोसण्याची शक्ती हे शरीराला लाभलेले दान समजायचे की मनाने मिळवलेली सिद्धी? आपल्या म्हणींनी या प्रश्नाची दोन्ही उत्तरे देऊन ठेवली आहेत. ‘खाण तशी माती’ असे एक म्हण सांगते आणि ‘प्रयत्नांती परमेश्वर’ असे दुसरी. या दोन म्हणींमध्ये विरोध आहे याचे आपल्याला सहसा भान नसते. कारण त्या आपण एकाच वेळी वापरीत नाही. प्रसंग पाहून त्यांतली सोयीची तेवढी उचलतो. ही सोय कोणाची असते, हा या निबंधाचा विषय आहे.

गेल्या तीन-चार दशकांत आनुवंशिकीने या जुन्या प्रश्नात काही नवी आणि अंगावर येणारी माहिती आणून ठेवली आहे. त्या शास्त्राचा साद्यंत परिचय करून देणे हा येथील हेतू नाही आणि तो प्रस्तुत लेखकाचा अधिकारही नाही. परंतु माणसाने माणसाचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही. म्हणून त्या माहितीतल्या काही निवडक गोष्टी समोर ठेवून त्यांनी आपल्या न्यायबुद्धीचे काय होते, ते पाहावयाचे आहे.

२

फिनलंडच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्या परिसरात, पेल्लो या भागात १९३७ साली एरो मॅन्त्युरान्ता जन्मला. त्या प्रदेशात बर्फावरून स्कीवर चालणे हा खेळ नव्हता. ती हिवाळ्यातली रोजची वहिवाट होती. गरीब घरातला हा मुलगा पुढे सीमारक्षक दलात नोकरीला लागला आणि लांब पल्ल्याच्या स्की-शर्यतींत उतरला. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या फिनिश चमूत तो होता. १९६४ साली इन्सब्रुकच्या ऑलिंपिकमध्ये त्याने १५ किलोमीटरची शर्यत ४० सेकंदांहून अधिक फरकाने जिंकली आणि ३० किलोमीटरची एका मिनिटाहून अधिक फरकाने. १९६८ साली ग्रनोबलमध्ये आणखी तीन पदके मिळून त्याची एकूण पदके सात झाली.

या यशाला सुरुवातीपासून एक कुजबूज चिकटली होती. मॅन्त्युरान्ताच्या रक्तातले हिमोग्लोबिन असाधारण होते. निरोगी पुरुषात ते दर १०० मिलिलिटरला साधारण १३ ते १७ ग्रॅम असते. त्याचे २० ग्रॅमच्या वर जाई. प्राणवायू स्नायूंपर्यंत वाहून नेण्याचे काम या द्रव्याकडे असते. साहजिकच, याने रक्तात काही लबाडी केली असावी, असा संशय त्याची पाठ सोडीत नसे.

खरे कारण १९९३ साली उजेडात आले. आल्बेर द ला शापेल या फिनिश आनुवंशिकीतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मॅन्त्युरान्ताच्या विस्तृत कुटुंबाची तपासणी केली होती. मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपॉएटिन नावाचे संप्रेरक अस्थिमज्जेतील पेशींना लाल रक्तपेशी निर्माण करण्याचा निरोप देते. हा निरोप पेशीवरील एक ग्राहक-प्रथिन स्वीकारते आणि त्याच प्रथिनाच्या शेपटाकडील भागात निरोप थांबवण्याची व्यवस्थाही असते. या कुटुंबातील काहींच्या जनुकात एका अक्षराचा पालट झालेला होता. त्यामुळे प्रथिनाची घडण अकाली थांबे आणि शेपटाकडील ७० अमिनो आम्ले गळून जात; म्हणजे निरोप येई, परंतु तो आवरणारा लगाम नसे. परिणामी रक्त जन्मभर लाल पेशींनी समृद्ध राही. त्याची लबाडी म्हणून जी शंका घेतली जात होती, ती वाडवडिलांकडून आलेली मिळकत निघाली.

या हकिकतीला दोन पुरवण्या आहेत आणि त्या दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, हा पालट त्या कुटुंबात अनेकांच्या वाट्याला आला होता. त्यांतले बहुतेक जण आपापले साधे आयुष्य जगले. ऑलिंपिकची सात पदके केवळ त्या जनुकाने दिली असती, तर ती घरोघर दिसली असती. दुसरी पुरवणी कटू आहे. १९७२ च्या फिनिश अजिंक्यपद स्पर्धेत मॅन्त्युरान्ताच्या चाचणीत ॲम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य आढळले. ज्याला निसर्गाने इतके भरभरून दिले होते, त्याचाही हात बाटलीकडे गेला. म्हणजे जन्माने दिलेले वाण कितीही मोठे असले तरी माणसाच्या नैतिक जीवनातली निवड त्याने उरकून टाकलेली नसते. २०१३ च्या अखेरीस, वयाच्या ७६ व्या वर्षी मॅन्त्युरान्ताचे निधन झाले.

आता प्रश्न असा की, १९६४ सालची ती दोन सुवर्णपदके त्याची ‘कमाई’ होती काय?

३

मॅन्त्युरान्ता हा अपवाद आहे आणि अपवादावरून सिद्धान्त बांधू नये, असा आक्षेप येथे येऊ शकतो. तो रास्त आहे. म्हणून सामान्य माणसांकडे वळले पाहिजे; आणि तेथे प्रश्न सोपा होण्याऐवजी अधिक गुंतागुंतीचा होतो.

क्लोद बुशार या कॅनेडियन शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात ‘हेरिटेज’ या नावाने ओळखला जाणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यातील एका भागाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. ९८ कुटुंबांतील ४८१ श्वेतवर्णीय व्यक्तींना, आईवडिलांना आणि त्यांच्या मोठ्या मुलांना, २० आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम देखरेखीखाली करायला लावला. ही माणसे आधी व्यायाम न करणारी होती. व्यायामापूर्वी आणि नंतर प्रत्येकाचे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे मोजले. दमाचे हे सर्वांत विश्वसनीय माप मानले जाते. सरासरी वाढ मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या आसपास होती. परंतु या सरासरीच्या पोटात जे दडले होते, ते विचार करायला लावणारे होते. काहींची वाढ एक लिटरच्या वर गेली. काहींची जवळजवळ झालीच नाही. तेच श्रम, तीच शिस्त, तोच घाम, आणि फळ मात्र इतके वेगळे! हे फळ कुटुंबाकुटुंबांतून एकसारखे चालत आलेले दिसत होते. या तफावतीचा आनुवंशिक वाटा जास्तीत जास्त ४७ टक्क्यांपर्यंत असावा, असा अंदाज अभ्यासकांनी केला.

एवढ्यावरही प्रयत्नवादी माणूस नमणार नाही. तो म्हणेल, फळ दैवाधीन असेल. पण प्रयत्न करणे तर माझ्या हाती आहे ना? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात देशांतील ३७,०५१ जुळ्यांच्या जोड्यांची माहिती एकत्र केली होती. फावल्या वेळात माणसे नियमित व्यायाम करतात की नाही, एवढाच प्रश्न होता. एकाच बीजातून झालेली जुळी भावंडे या बाबतीत एकमेकांशी, निराळ्या बीजांतून झालेल्या जुळ्यांपेक्षा, कितीतरी अधिक जुळत होती. बहुतेक ठिकाणी व्यक्तिव्यक्तींतील फरकाचा आनुवंशिक वाटा ४८ ते ७१ टक्के निघाला. अमेरिकेत थिओडोर गार्लंड यांनी १९९३ साली सुरू केलेल्या प्रयोगात आपण होऊन चाकात अधिक धावणारे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले. काही पिढ्यांनंतर त्यांचे वंशज इतर उंदरांच्या जवळजवळ तिप्पट अंतर धावू लागले. त्यांना कोणी पळवीत नव्हते. पळण्याची ओढच त्यांच्या रक्तात उतरली होती.

म्हणजे केवळ छाती नव्हे, छातीला श्रमाने मिळणारे फळही काही अंशी जन्माने मिळते. आणि केवळ फळ नव्हे, श्रम करण्याची इच्छाही काही अंशी जन्माने मिळते. ‘मी निदान प्रयत्न तरी केला’ हे आपल्या अभिमानाचे शेवटचे आश्रयस्थान. त्याच्या भिंतीलाही येथे तडा जातो.

परंतु ‘४७ टक्के’ किंवा ‘७१ टक्के’ या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण या बाबतीत सुशिक्षितांचीही गल्लत होते. माझ्या दमापैकी इतका भाग जनुकांचा आणि उरलेला माझा, अशी ही वाटणी नाही. शेतातल्या पिकात पावसाचा वाटा किती आणि बियाण्याचा किती, हे एका कणसापुरते विचारण्यात अर्थ नसतो. दोन्ही नसतील तर कणीसच नाही. हे आकडे विशिष्ट काळी, विशिष्ट समाजात, माणसामाणसांत जी तफावत दिसते तिच्याविषयी बोलतात. समाज बदलला की ते बदलतात. त्याच जुळ्यांच्या अभ्यासात नॉर्वेतील पुरुषांचा आकडा अवघा २७ टक्के होता. सर्वांना सारखे मैदान मिळाले, तर उरलेल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसेल. काहींना मैदान आणि काहींना उपासमार मिळाली, तर तो लहान दिसेल. मॅन्त्युरान्ताचा जनुक मराठवाड्यातल्या एखाद्या कोरडवाहू गावात जन्माला आला असता, तर त्याचे काय झाले असते? कदाचित एखाद्या डॉक्टरने रक्त दाट आहे एवढेच सांगितले असते.

४

या माहितीने आपल्या ‘पात्रते’च्या कल्पनेचे काय होते? आधुनिक तत्त्वज्ञानात या प्रश्नाला सर्वांत धीटपणे जॉन रॉल्स भिडले. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, जन्मजात गुणांचे वाटप नैतिक दृष्ट्या यादृच्छिक असते. एवढेच नव्हे, प्रयत्न करण्याची तयारीदेखील कुटुंब आणि परिस्थिती यांवर इतकी अवलंबून असते की, तिच्या जोरावरही कोणी अधिक हक्क सांगू नये. तीन वर्षांनी, १९७४ साली, रॉबर्ट नोझिक यांनी त्याला उत्तर दिले. पात्रतेच्या पायाखालचा पायाही पात्रतेचाच असला पाहिजे, हा आग्रह का, असे त्यांनी विचारले. गायकाने आपला गळा कमावलेला नसतो, म्हणून त्याचे गाणे त्याचे नाही असे कोण म्हणेल?

भारतीय परंपरेला हा पेच नवा नाही. दैव आणि पुरुषकार यांचा वाद महाभारतात पुनःपुन्हा उपस्थित होतो. या वादातून सुटण्याचा एक मार्ग कर्मविपाकाच्या सिद्धान्ताने काढला. जन्माने जे मिळाले तीही पूर्वजन्मीची कमाईच, असे म्हटले की जगात यदृच्छा उरतच नाही. या सिद्धान्तामागे विश्वात कोठेही अन्याय नसावा अशी थोर आकांक्षा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिचे सामाजिक फळ असे आले की, दुबळ्या देहाने किंवा हीन मानलेल्या कुळात जन्मलेल्या माणसावर दुःखाबरोबर अपराधाचाही भार पडला. ज्याला कमी मिळाले, त्याने ते कमीच कमावले असणार, असा हा हिशेब.

गीतेच्या अठराव्या अध्यायातले विवेचन मला या संदर्भात अधिक प्रगल्भ वाटते. कोणत्याही कर्माच्या सिद्धीला तेथे पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असा अर्थ शंकराचार्यांनी केला आहे. या गणनेत चेष्टेला, म्हणजे प्रयत्नाला, जागा आहे, दैवालाही आहे. त्यांपैकी कोणी कोणाला गिळून टाकीत नाही. आणि पुढे, जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, अशा अर्थाचा निर्णय दिला आहे. आजच्या शास्त्रज्ञाला पाचांची नावे बदलावीशी वाटतील. अनेक कारणांच्या समवायाचा हा विचार त्याला परका वाटणार नाही.

कर्णाचेच पाहा. त्याची कवचकुंडले जन्मजात होती. मॅन्त्युरान्ताच्या रक्तासारखीच ती न मागता मिळाली होती. ती होती म्हणून कर्णाला कोणी लबाड म्हटले नाही. आणि ती होती म्हणून कोणी त्याला थोरही मानले नाही. कर्णाची थोरवी आपल्याला जाणवते ती इंद्राने ती मागितली आणि त्याने ती अंगावरून उतरवून दिली तेव्हा. परंतु त्याच कर्णाला, कौशल्य दाखवायला तो रंगमंडपात उतरला असता, आधी कूळ विचारले गेले. एका हाताने जन्म देतो आणि दुसऱ्या हाताने समाज जन्माच्याच नावाने काढून घेतो, ही महाभारताने दाखवलेली विसंगती आजही शिळी झालेली नाही.

५

कारण जन्माच्या नावाने काढून घेण्याचे काम शास्त्राच्या भाषेतही करता येते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८६९ साली बुद्धिमत्तेच्या आनुवंशिकतेवर ग्रंथ लिहिला आणि १८८३ साली ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. त्या शब्दाच्या छायेखाली विसाव्या शतकात काय घडले, ते सर्वश्रुत आहे. त्या घडामोडींच्या अगदी जवळून गेलेली एक मराठी विदुषी आपल्याकडे होती. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि तेथे ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत त्यांनी कवटीच्या असमप्रमाणतेवर संशोधन केले. वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराने भारलेल्या त्या वातावरणात त्यांनी मोजमापे घेतली आणि वंशावंशांत अपेक्षित फरक आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. पुढे ‘युगान्त’मधील कर्णावरच्या लेखाला याच इरावतीबाईंनी ‘मी कोण?’ असे शीर्षक दिले, याचे मला नेहमी अगत्य वाटत आले आहे. वंशाची मापे हाताळलेल्या व्यक्तीलाच तो प्रश्न इतक्या उघडपणे विचारता आला असावा.

आपल्या देशातले उदाहरण आणखी अलीकडचे आहे. आफ्रिकेतून गुलाम, सैनिक किंवा खलाशी म्हणून आलेल्यांचे वंशज असलेले सिद्दी लोक गुजरात, कर्नाटक आणि इतरत्र राहतात. जंजिऱ्यामुळे हे नाव मराठी वाचकाला परके नाही, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींची बोली तर कोकणी-मराठीच्या सख्ख्या नात्यातली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय क्रीडा प्राधिकरणाने ‘विशेष क्षेत्र क्रीडा’ योजनेखाली सिद्दी मुलांना निवडून धावपटू घडवण्याचे ठरवले. विचार सरळ होता : आफ्रिकेचे धावपटू जग जिंकतात, हे आफ्रिकेचे वंशज, तेव्हा यांच्या रक्तात धाव असणार. खरे पाहता माणसामाणसांतली आनुवंशिक विविधता सर्वांत अधिक आफ्रिकेतच आहे. केनियाच्या पठारावरचा धावपटू आणि शतकांपूर्वी पूर्व किनाऱ्यावरून आणलेल्यांचा वंशज यांना एकच रक्त म्हणणे म्हणजे वर्णावरून वाण ठरवणे होय. काही मुलांनी पदके मिळवली. पण १९९० च्या दशकाच्या आरंभी योजना बंद झाली आणि मुलांना आपापल्या वाटा शोधाव्या लागल्या. योजनेने त्यांना प्रथमच मैदान, आहार आणि शिक्षक दिले, हे तिचे श्रेय. तथापि, ते सारे त्यांना नागरिक म्हणून मिळाले नव्हते, नमुना म्हणून मिळाले होते; आणि अपेक्षेइतके फळ दिले नाही की नमुना बाजूला ठेवला जातो.

उलट दिशेने, ‘हे तुमच्या शरीराला झेपणार नाही’ असे सांगूनही दार बंद करता येते. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया ८०० मीटर धावल्या. शर्यतीनंतर काही जणी दमल्याभागल्या दिसल्या. त्यावरून स्त्रीदेहाला एवढा दम नसतो असा गवगवा झाला आणि ती शर्यत स्त्रियांसाठी थेट १९६० पर्यंत बंद राहिली. स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन १९८४ साली झाली. ४२ किलोमीटरांचे ते अंतर जोन बेनॉइट हिने २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत पार केले. अर्धशतकाहून अधिक काळ ज्याला निसर्गाचा नियम म्हटले जात होते, तो स्पर्धेचा नियम होता.

आज मुलाच्या थुंकीचा नमुना घेऊन त्याचा खेळ ठरवून देणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. २०१५ साली तज्ज्ञांच्या एका गटाने एकत्रितपणे असे मत नोंदवले की, गुणवान खेळाडू ओळखण्याच्या कामी अशा चाचण्यांना स्थान नाही. दमावर प्रभाव टाकणारी जनुके असंख्य, प्रत्येकीचा परिणाम अल्प. मॅन्त्युरान्तासारखी ठळक गोष्ट क्वचितच. समूहाविषयीची संभाव्यता हा व्यक्तीवरचा निकाल होऊ शकत नाही.

६

तर मग या ज्ञानाचा नैतिक उपयोग काय? ते दार बंद करण्यासाठी वापरू नये, हे ठीक. पण ते कोठेच वापरू नये काय? माझे म्हणणे असे की, या ज्ञानाची एक योग्य जागा आहे आणि ती सापडण्यासाठी स्तुती आणि निंदा यांतला एक भेद ध्यानात घेतला पाहिजे.

स्तुतीला पात्रतेचा पुरावा लागत नाही. उगवत्या चंद्राचे, गोड गळ्याचे, हरिणाच्या धावेचे आपण कौतुक करतो. ते त्यांनी कमावले आहे की नाही याची चौकशी करीत नाही. १९६४ साली बर्फावरून झेपावणाऱ्या मॅन्त्युरान्ताला पाहून ज्यांचे डोळे दिपले, त्यांना १९९३ नंतर आपला आनंद परत करण्याचे कारण नव्हते. निंदेचे तसे नाही. ‘आळशी’, ‘कुचकामी’, ‘मनावर घेतले असते तर जमले असते’ ही वाक्ये आरोप आहेत आणि आरोपाला पुरावा लागतो. तो पुरावा असा हवा की, समोरच्याला ती गोष्ट मला पडते तेवढ्याच कष्टात करता आली असती. हा पुरावा आपल्याजवळ कधीच नसतो. २० आठवडे घाम गाळूनही ज्याचा दम वाढला नाही, त्याच्या शेजारी उभा राहून त्याच्या प्रयत्नाची किंमत आपण कोणत्या मापाने मोजणार? न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. मनाच्या न्यायालयात तो का मिळू नये? आनुवंशिकीने हा संशय सबळ केला आहे. कौतुकाचा अधिकार तिने काढून घेतलेला नाही. तुच्छतेचा अधिकार मात्र काढून घेतला आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. मग प्रत्येक जण हाच फायदा स्वतःला देईल. ‘माझ्या रक्तातच नाही’ असे म्हणून जो तो अंग काढून घेईल. या आक्षेपाचे उत्तर त्या ज्ञानाच्या स्वरूपातच आहे. ‘हेरिटेज’ अभ्यासातील कोणालाही आपल्या शरीराला काय मिळाले आहे हे २० आठवड्यांपूर्वी ठाऊक नव्हते. श्रम केल्यावरच ते कळले. दैव काय आहे हे शोधण्याचे पुरुषकाराखेरीज दुसरे साधन नाही. म्हणून स्वतःविषयी दैवाची सबब आगाऊ सांगणे हा बौद्धिक अप्रामाणिकपणा ठरतो. शिवाय दम वाढला नाही तरी व्यायामाचे इतर लाभ पुष्कळांना होतातच. स्वतःकडे पाहताना माणसाने पुरुषकाराचा पक्ष घ्यावा, दुसऱ्याकडे पाहताना दैवाचा. दोन्ही म्हणींचा मेळ बसतो तो या वाटणीने.

आपला रिवाज नेमका उलटा आहे. स्वतःचे यश आपण प्रयत्नाच्या खात्यावर मांडतो आणि अपयश दैवाच्या. दुसऱ्याचे यश दैवाच्या खात्यावर आणि अपयश त्याच्या आळसाच्या. म्हणी सोयीने वापरल्या जातात असे आरंभी म्हटले, त्यातली सोय ती हीच. ‘गुणवत्ता’ या शब्दावरून आपल्या समाजात जे वाद झडतात, त्यांतही पुष्कळदा हीच दुहेरी नोंदवही उघडलेली असते. वारशाने मिळालेले घर, भाषा, आहार आणि शरीर यांना कमाई म्हणणारे लोक दुसऱ्याच्या उणिवेला मात्र त्याचा स्वभाव म्हणतात. रॉल्स आणि नोझिक यांपैकी कोणाचाही पक्ष घेतला तरी या नोंदवहीचे समर्थन करता येणार नाही. रॉल्स यांच्या मते श्रेयच उरत नाही. नोझिक यांच्या मते ते उरते. परंतु मागे राहिलेल्याला तुच्छ लेखण्याचा परवाना दोघांपैकी कोणीही देत नाही.

कृत्रिम संप्रेरकाची सुई टोचून घेणारा खेळाडू का चुकतो, याचाही उलगडा येथे होतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एरिथ्रोपॉएटिन औषध म्हणून उपलब्ध झाले आणि १९९० साली ते ऑलिंपिकच्या निषिद्ध यादीत गेले. त्याने रक्त दाट होते ते मॅन्त्युरान्ताच्या रक्तासारखेच. मग एकाचे दाट रक्त पवित्र आणि दुसऱ्याचे अपवित्र कसे? जन्मजात ते कमावलेले आणि विकत घेतलेले ते न कमावलेले, हे उत्तर टिकत नाही. कमावलेले कोणतेच नाही. दोष आहे तो दिलेला शब्द मोडण्यात, आणि आपल्यामागून इतरांनाही तोच धोका पत्करायला भाग पाडण्यात. वचन पाळणे ही गोष्ट मात्र कोणाच्याही अस्थिमज्जेवर अवलंबून नसते. म्हणूनच १९७२ ची ती चाचणी मॅन्त्युरान्ताच्या नावापुढे राहते आणि राहिली पाहिजे.

शाळेच्या मैदानावर हा सगळा विचार दोन क्षणांत सामावतो. शर्यत सुरू होण्यापूर्वी शिक्षकाने कोणत्याही मुलाला किंवा मुलीला, तिचे कूळ, वर्ण वा अंगलट पाहून, ‘हे तुझे काम नाही’ असे म्हणू नये. तेव्हा जगात केवळ पुरुषकार आहे असेच त्याने वागले पाहिजे. शर्यत संपल्यावर सर्वांत शेवटी, धापा टाकीत आत येणाऱ्या मुलाकडे पाहताना मात्र त्याने दैवाची आठवण ठेवावी. पहिला आलेला किती धावला हे घड्याळ सांगते. शेवटचा आलेला किती धावला हे सांगणारे घड्याळ अजून कोणी केलेले नाही.